विश्लेषण : रोआल्ड डाल यांचे पुस्तक मुलांसाठी घेताना आवृत्ती का तपासावी?

‘मटिल्डा’ किंवा ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ मुलांसाठी घ्यायचे ठरवून मोबाइलवर शोध घेतला, की एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या समोर येतात. फरक फक्त मुखपृष्ठाचा असेल, असे वाटते. ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांच्या बाबतीत मात्र आता तसे राहिलेले नाही. त्यांच्या अनेक पुस्तकांचे दोन वेगवेगळे मजकूर बाजारात आहेत. ते कसे ओळखायचे आणि त्यातून निवड कशी करायची, याविषयी…

रोआल्ड डाल इतके लोकप्रिय का?

डाल यांचा जन्म १९१६ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे नॉर्वेजियन दाम्पत्याच्या घरी झाला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. ‘जेम्स अँड द जायंट पीच’ (१९६१), ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ (१९६४), ‘द बीएफजी’ (१९८२), ‘द विचेस’ (१९८३), ‘मटिल्डा’ (१९८८) ही त्यांची गाजलेली पुस्तके. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या गोष्टींत मोठी माणसे अनेकदा दुष्ट, खादाड किंवा मूर्ख असतात आणि लहान मूल त्यांना पुरून उरते. मुलांना हेच आवडते. या पात्रांचे वर्णन डाल अतिशय बोचऱ्या शब्दांत करतात. वाद झाला तो याच शब्दांवरून.

नेमके काय बदलले?

पफिन या प्रकाशन संस्थेने नव्या आवृत्त्यांत शेकडो बदल केल्याचे वृत्त ‘द डेली टेलिग्राफ’ने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिले. ‘चार्ली’मधील ऑगस्टस ग्लूप आता ‘जाडा’ नाही, ‘अवाढव्य’ आहे. ‘द ट्विट्स’मधील मिसेस ट्विटच्या वर्णनातून ‘कुरूप’ हा शब्द गेला. ‘फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स’मध्ये कोल्ह्याच्या तीन मुलग्यांच्या मुली झाल्या. ‘द विचेस’मध्ये सामान्य बाईचे सोंग घेतलेली चेटकीण पूर्वी दुकानात कॅशियर असे, आता ती शास्त्रज्ञ असू शकते. ‘मटिल्डा’तील बदल भारतीय वाचकाच्या लगेच लक्षात येईल. पूर्वी मटिल्डा रुडयार्ड किपलिंग यांच्या पुस्तकांतून भारतात फिरून येत असे. नव्या मजकुरात त्याऐवजी ती जॉन स्टाइनबेक यांच्यासोबत कॅलिफोर्नियाला जाते.

वाद कसा मिटला?

सलमान रश्दी यांनी या बदलांवर सेन्सॉरशिप म्हणून टीका केली. तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या कार्यालयानेही नापसंती व्यक्त केली. दुसरीकडे, डाल यांची पुस्तके बदलत बसण्यापेक्षा ती कालबाह्य होऊ द्यावीत आणि मुलांनी नवे लेखक वाचावेत, असे मत लेखक फिलिप पुलमन यांनी मांडले. अखेर काही दिवसांतच जुन्या मजकुराची १७ पुस्तके ‘क्लासिक कलेक्शन’ म्हणून स्वतंत्रपणे उपलब्ध करून देण्याची घोषणा प्रकाशकांनी केली. निवड अशा प्रकारे वाचकांवर सोपवली गेली.

जुना मजकूर म्हणजे मूळ मजकूर?

प्रत्येक वेळी नाही. १९६४ च्या ‘चार्ली’मध्ये उम्पा-लुम्पा हे आफ्रिकेच्या जंगलातून कारखान्यात आणलेले बुटके कृष्णवर्णीय लोक होते. त्यावर वर्णद्वेषाची टीका झाली आणि १९७० च्या दशकात डाल यांनी स्वतःच ते वर्णन बदलले. म्हणजे आज ‘क्लासिक’ म्हणून मिळणारा ‘चार्ली’ही एकदा सुधारलेलाच आहे. फरक इतकाच, की तो बदल लेखकाने हयातीत केला होता, आताचे बदल त्यांच्या पश्चात झाले.

आवृत्ती ओळखायची कशी?

‘क्लासिक कलेक्शन’च्या पुस्तकांवर पफिनऐवजी पेंग्विनचे बोधचिन्ह असते. सुधारित आवृत्तीत प्रकाशन तपशिलाच्या पानावर, भाषेचे वेळोवेळी पुनरावलोकन केले जाते, अशा आशयाची छोटी सूचना असते. ऑनलाइन खरेदी करताना पुस्तकाचे नमुना पान उघडून हे पाहता येते. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या वापरलेल्या प्रतींमध्ये छपाईचे वर्ष पाहावे. २०२२ च्या आधीची प्रत असेल, तर ती सहसा जुन्या मजकुराची असते. ई-बुक घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. आधीच विकत घेतलेल्या ई-पुस्तकांतील मजकूर आपोआप बदलल्याचे वृत्त ब्रिटनमधील ‘द टाइम्स’ने तेव्हा दिले होते. छापील प्रतीत असे होऊ शकत नाही.

सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

इंग्रजी वाचनाची नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांसाठी ‘फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स’ सोयीचे. ते छोटे आहे आणि वाक्येही सोपी आहेत. ‘द बीएफजी’मधला राक्षस मोडके-तोडके, स्वतः बनवलेले शब्द बोलतो. मराठी माध्यमातील मुलाला ते एकट्याने वाचणे जड जाऊ शकते, पण मोठ्याने वाचून दाखवल्यास धमाल येते. ‘मटिल्डा’ आणि ‘चार्ली’ साधारण आठ-नऊ वर्षांपासून पुढे चालतील. ‘द विचेस’ थोडे उशिरा द्यावे. त्यातला मुलगा शेवटपर्यंत उंदीरच राहतो आणि आपले आयुष्य आता थोडेच उरले आहे, हे त्याला ठाऊक असते. ‘जॉर्जेस मार्व्हलस मेडिसिन’मध्ये मुलगा घरातल्या मिळेल त्या वस्तू एकत्र करून आजीसाठी औषध बनवतो. हा प्रयोग घरी करायचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मग कोणती आवृत्ती घ्यावी?

पुस्तक मुलाबरोबर बसून वाचणार असाल, तर जुनी आवृत्ती घ्यायला हरकत नाही. खटकणारा शब्द आला की तिथेच थांबून बोलता येते. मूल एकटेच वाचणार असेल, किंवा वजनावरून, दिसण्यावरून त्याला शाळेत चिडवले जात असेल, तर सुधारित आवृत्ती घेण्यात कमीपणा नाही.

मात्र शब्द बदलले म्हणजे प्रश्न संपला, असे समजू नये. ‘जाडा’च्या जागी ‘अवाढव्य’ आला, तरी चॉकलेटच्या नदीत पडून नळीत अडकतो तो ऑगस्टसच आणि वाचणारे मूल हसते ते त्यालाच. वर्गातल्या एखाद्या मुलाला ‘जाड्या’ म्हटले तर त्याला काय वाटेल, हा प्रश्न दोन्ही आवृत्त्यांत सारखाच राहतो. तो घरातल्या मोठ्यांनीच विचारावा लागेल.