कात्रणातून कमाई : समुद्रजीवांची हातकामाची शुभेच्छापत्रे

मुळशीत समुद्र कुठला, असे कोणीही विचारील. परंतु पुण्याहून पौड आणि ताम्हिणी घाटमार्गे माणगावला उतरणारा रस्ता याच तालुक्यातून जातो, आणि दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला जाणारी पुणेकर मंडळी सुट्टीच्या दिवशी याच रस्त्याने जातात-येतात. येताना घरच्यांसाठी काहीतरी घ्यावे अशी त्यांची इच्छा असते, पण वाटेवरच्या दुकानात चिक्की आणि प्लास्टिकची खेळणी यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. दुसरीकडे पौड आणि पिरंगुट परिसरातील शिलाईच्या दुकानांतून रोज कात्रणाची पोती भरतात. या दोन गोष्टी जोडणारा एक लहानसा धंदा आहे. कापडाच्या तुकड्यांतून मासा, कासव, खेकडा अशा समुद्रजीवांची शुभेच्छापत्रे तयार करणे, हा तो धंदा.

छापील शुभेच्छापत्राचा जमाना संपला हे खरे. रमजानच्या अखेरच्या दिवसांत ईद कार्डांच्या गाड्यांभोवती उसळणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावयास नको. मोबाईल आला आणि शुभेच्छा फुकट झाल्या. म्हणूनच छापील कार्डाशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. आजचे गिऱ्हाईक पैसे मोजते ते हाताच्या कामाला. आणि कापडाचे हातकाम हे हुनर आमच्या घराघरांत आहे.

आधी कागदाविषयी. कार्डासाठी हातकागदच घ्यावा. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून सुती चिंध्यांचा, विशेषतः बनियन कारखान्यांच्या कात्रणाचा बनतो, म्हणजे तोही कापडाचाच भाऊ. आपल्या लोकांचा तर या कामाशी जुना संबंध आहे. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि आमच्या जिल्ह्यातील जुन्नर येथील मुसलमान कागदी घराणी पिढ्यान् पिढ्या कागद करीत. पेशव्यांच्या दफ्तरात जुन्नरी आणि दौलताबादी कागद वापरला जाई. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव त्यांचेच. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसला. पुढे महात्मा गांधींच्या ग्रामोद्योग चळवळीतून के. बी. जोशी यांनी १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी केली. राजस्थानात सांगानेरच्या कागजी घराण्यांनी मात्र हाच व्यवसाय परदेशी निर्यातीपर्यंत नेला. त्यांचे हुनर जुनेच होते, बाजार नवा शोधला.

कागद २०० ते २२० जीएसएम वजनाचा मागावा आणि 'साइझिंग केलेला' असे सांगून घ्यावा, नाहीतर शाई फुटते. ए-फाइव्ह आकाराचा, म्हणजे २१ × १४.८ सेंटिमीटरचा तुकडा मधोमध दुमडला की कार्ड तयार. दुमडण्याआधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबावी, म्हणजे घडी फाटत नाही.

वजनाचा हिशेबही येथेच करून टाकू. २२० जीएसएमचा एवढा तुकडा सुमारे ७ ग्रॅम भरतो. त्यात पाकीट आणि कापड धरले तरी सगळे मिळून १५ ग्रॅमच्या आत राहते. टपालात २० ग्रॅमपर्यंत पत्राचा पहिला दर लागतो, म्हणून ही मर्यादा ओलांडू नये. कार्डावर बटणे, मोठे मणी, शिंपले लावले की वजन वाढते आणि शिक्का मारताना ते फुटतातही.

आता खरे काम, म्हणजे कापड चिकटवणे. बुकबाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालून वापरतात, ती पद्धत कोरड्या गावाला चांगली. मुळशीच्या पावसात मात्र खळीला बुरशी धरते, शिवाय ओल्या खळीने पातळ कापडावर डाग उमटतात. त्यापेक्षा शर्टाच्या कॉलरला लावतात ते फ्यूजिंग घ्यावे. कात्रणाच्या उलट बाजूस ते इस्त्रीने बसवावे, मग आकार कापावा. कापडाचे धागे सुटत नाहीत आणि कडा कागदासारखी स्वच्छ येते. नंतर फेविकॉलचा अगदी पातळ हात देऊन कार्डावर ठेवावे व रात्रभर वजनाखाली दाबावे. रंग जाणारे कापड आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे.

कोणत्या जीवाला कोणते कापड, यात कापडवाल्याची नजर कामाला येते. पापलेटाला रुपेरी सॅटिनचे अस्तर शोभते. चंदेरी पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला, हे कार्डाच्या पाठीमागे एका ओळीत लिहिले तर गिऱ्हाईक कार्ड उलटून वाचते आणि बहुधा ठेवून देत नाही. कासवाच्या पाठीला हिरवट चौकड्यांचे शर्टिंग लावावे, चौकड्यांमुळे पाठीवरचे खवले आपोआप दिसतात. वेळास, हरिहरेश्वर येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. पिल्ले समुद्रात जाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल असल्याने कासवाचा माल जानेवारीतच तयार हवा. खेकड्याला तांबडे खण, डॉल्फिनला राखाडी सूटिंग, जेलीफिशला नेटचा तुकडा, आणि ऑक्टोपसचे आठ पाय पायपिंगच्या डोरीचे. डोळ्यासाठी मणी लावण्याऐवजी गाठीचा टाका घालावा.

काही गिऱ्हाइके सजीवांची चित्रे घरात ठेवीत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांच्यासाठी वेगळा माल ठेवावा: लाटा, शिडाचा मचवा, रिकामा शिंपला. ईदेसाठी तर लाटांवर हिलाल हीच रचना सर्वांत उठून दिसते. ज्यांना माशाची हरकत नाही त्यांना सांगावे की अवधच्या नवाबांच्या राजचिन्हात जोडमासे होते आणि लखनौच्या जुन्या दरवाज्यांवर ते आजही दिसतात.

एक सावधगिरी. खरा वाळलेला समुद्री घोडा, प्रवाळाचा तुकडा किंवा बाजारात मिळणारे शंख कार्डावर लावू नयेत. समुद्री घोडे, प्रवाळ आणि शंखशिंपल्यांच्या कित्येक जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. कोणता शंख चालतो आणि कोणता नाही हे दुकानदाराला ओळखता येत नाही, तेव्हा सगळेच टाळावे. कापडाला हे भय नाही.

आता हिशेब. समजा कागद ८ रुपये, पाकीट ३, फ्यूजिंग-कापड-गोंद ३, वरची पारदर्शक पिशवी १, एकूण १५ रुपये. पावसाळी हवेत हातकागद ओल ओढतो, म्हणून पिशवीत काटकसर करू नये. हात बसल्यावर तासाला ३ कार्डे होतात. मजुरी तासाला ६० रुपये धरली तर कार्डामागे २० रुपये. म्हणजे आपल्याला कार्ड ३५ रुपयांस पडले. विक्री ७० रुपयांस ठेवली आणि दुकानदाराने ३५ टक्के घेतले तर हाती साडेपंचेचाळीस येतात, साडेदहा रुपये उरतात. त्यातूनच खराब माल आणि जाण्या-येण्याचा खर्च निघावयाचा आहे.

हा नफा थोडा वाटून काही व्यापारी लगेच मजुरीवर हात ठेवतात. घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना कार्डामागे ५ रुपये देतात आणि आपण रोजगार दिला म्हणून मिरवतात. पाच रुपये म्हणजे तासाला १५ रुपये झाले. एवढ्यात कोणीही मन लावून कासवाचे पाय कापीत नाही. कडा वाकड्या येतात, गोंद बाहेर येतो आणि ७० रुपयांचे कार्ड २० लाही जात नाही. खर्च कमी करावयाचाच असेल तर वेळ कमी करावा. पत्र्याचा फर्मा करून घ्यावा, एका दिवशी फक्त पन्नास कासवे कापावीत, दुसऱ्या दिवशी फक्त चिकटवावीत. असे केल्याने तासाला ३ ची ४ कार्डे झाली तर मजुरी तीच राहून कार्डामागे ५ रुपये वाचतात.

सुरुवात ५० कार्डांवर करावी: २० कासवे, १५ पापलेट, १० मचवे, ५ खेकडे. ताम्हिणी रस्त्यावरच्या दोन-तीन हॉटेलांत आणि रिसॉर्टांत ती ठेवावीत. माल विक्रीवर ठेवला तर तारीख, नग आणि भाव लिहून दुकानदाराची सही घ्यावी आणि दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन मोजणी करावी. पहिल्या दोन मोजण्यांत जी रचना हलली नाही, ती परत आणावी आणि तिच्या जागी कासवे ठेवावीत.