तुमच्या वाय-फायला कुलूप आहे ना?

पालक-शिक्षक मित्रहो, २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल आला. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरी. ईमेल त्या घरातल्यांनी पाठवलाच नव्हता. त्यांचं वाय-फाय उघडं होतं, दुसऱ्यानेच ते वापरलं!

म्हणून दोन गोष्टी समजून घेऊ. पासवर्ड विचारून ओळख पटवणे म्हणजे प्रमाणीकरण. माहिती सांकेतिक रूपात पाठवणे म्हणजे कूटबद्धीकरण. पोस्टकार्डाऐवजी बंद पाकीट म्हणा ना.

राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. जुनं डब्ल्यूईपी नको, ते सहज फुटतं. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. त्याहून लांब ठेवा, मोबाइल नंबर नको. राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्डही बदला. आजच मुलांना सोबत घेऊन एवढं कराच.