ग्रेस ओगोट : परंपरेच्या कथा आणि एका परिचारिकेची दृष्टी

पूर्व आफ्रिकेतील इंग्रजी कथावाङ्मयाचा प्रारंभ सांगताना ग्रेस ओगोट यांचे नाव टाळता येत नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी राहणाऱ्या लुओ समाजातील त्या पहिल्या महत्त्वाच्या लेखिका होत. त्यांची 'द प्रॉमिस्ड लँड' ही कादंबरी 1966 मध्ये नैरोबीहून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नायजेरियाच्या फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' बाहेर आली. आफ्रिकी स्त्रीच्या इंग्रजी कादंबरीचा आरंभ या दोन कृतींपासून मानण्याचा प्रघात आहे.

ओगोट यांचा जन्म 15 मे 1930 रोजी केनियातील न्यांझा प्रांतात आसेंबो येथे झाला. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक, घर ख्रिस्ती. आजी मात्र लोककथा सांगण्यात निपुण. बायबलातील कथा आणि आजीच्या कथा एकाच घरात कानी पडल्या. पुढे युगांडातील मेंगो येथे त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले, लंडनमध्ये प्रसूतिशास्त्राचा अनुभव मिळविला, आणि त्याच नगरीत बी. बी. सी.च्या आफ्रिकेसाठीच्या कार्यक्रमांचे लेखनही केले. 1959 मध्ये इतिहासकार बेथवेल ओगोट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. रुग्णालयातील हे शिक्षण त्यांच्या साहित्याच्या विचारात दुय्यम मानून चालणार नाही.

1962 मध्ये कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. तेथे पूर्व आफ्रिकेतील लेखनाचा वाटा अत्यल्प असल्याचे ओगोट यांना बोचले. तेथे वाचलेली त्यांची कथा पुढील वर्षी 'ब्लॅक ऑर्फियस' या नियतकालिकात छापली गेली. 'द रेन केम' या बदललेल्या नावाने ती आज सर्वपरिचित आहे. तत्पूर्वी वसाहतकालीन प्रकाशनसंस्थेच्या व्यवस्थापकांना एक ख्रिस्ती स्त्री बळी आणि जडीबुटी यांच्या कथा का लिहिते, हेच उमगले नव्हते. मुक्तीविषयी लिहावे, अशी त्यांची अपेक्षा होती, असे ओगोट यांनीच एका मुलाखतीत सांगितले आहे.

ही कथा थोडी बारकाईने पाहण्याजोगी आहे. अवर्षणाने गांजलेल्या प्रजेसाठी प्रमुख लाबोंगो याला आपली एकुलती एक कन्या ओगांडा सरोवरातील राक्षसाला अर्पण करावयाची आहे. घरात वडीलधाऱ्यांची खलबते चालू असता मुलीला वाटते, आपल्या विवाहाचीच बोलणी चालली आहेत. लेखिकेने हा गैरसमज लवकर दूर केलेला नाही. वधूची पाठवणी आणि बळीची पाठवणी ही बाहेरून इतकी सारखी दिसतात की वाचकाला त्यातच शहारा यावा. शेवटी प्रियकर ओसिंडा तिला वाटेत गाठतो, पूर्वजांच्या व राक्षसाच्या दृष्टीआड करण्यासाठी पानांनी झाकतो, आणि दोघे पळून जातात. त्यानंतर पाऊस कोसळतो. बळी न देता पाऊस आला. मग विधीची आवश्यकता होती काय? लेखिका याचे उत्तर देत नाही. पानांच्या आच्छादनाची गरज ओसिंडाला वाटते, म्हणजे राक्षसावरील विश्वास त्यालाही आहे. बंड आहे ते श्रद्धेविरुद्ध नाही, तिच्या मागणीविरुद्ध आहे.

'द प्रॉमिस्ड लँड'मध्ये हाच पेच वैद्यकाच्या क्षेत्रात उतरतो. ओचोला व न्यापोल हे नवविवाहित जोडपे सुपीक जमिनीच्या ओढीने टांगानिकात जाते. न्यापोलला हे स्थलांतर मनापासून नको असते. शेजारच्या मांत्रिकाच्या मत्सरामुळे ओचोलाच्या अंगावर काट्यांसारखे अंकुर फुटतात. रुग्णालयातील गोरा डॉक्टर हतबल होतो. देशी वैद्य बरे करतो, परंतु देश सोडण्याच्या अटीवर. परिचारिकेने लिहिलेल्या या कादंबरीत रुग्णालयाचा पराभव व्हावा, हे काही समीक्षकांना खटकले. न्यापोलच्या आज्ञाधारकपणावरही स्त्रीवादी समीक्षेने आक्षेप घेतला आहे. हा दुसरा आक्षेप अंशतःच खरा. जिचे म्हणणे कोणी ऐकले नाही, तिचेच भय शेवटी खरे ठरते, आणि दोघे रिक्तहस्ते परततात.

'लँड विदाउट थंडर' (1968) या संग्रहात 'द रेन केम'बरोबर शहरातील व मिशन रुग्णालयातील कथाही आहेत. 'द ओल्ड व्हाइट विच'मधील परिचारिका रुग्णांची मलपात्रे उचलण्यास नकार देऊन संप करतात. हा तपशील केवळ कल्पनेतून आलेला वाटत नाही. 'एलिझाबेथ'मध्ये कार्यालयातील वरिष्ठाच्या अत्याचाराला बळी पडलेली तरुणी आत्मनाश करते. तेथे ना राक्षस, ना सरोवर. बळी मात्र तोच, आणि यावेळी वाटेत गाठणारा कोणी नाही.

संसदसदस्यत्व व सहायक मंत्रिपद यांत ओगोट यांची काही वर्षे गेली. 18 मार्च 2015 रोजी त्या निवर्तल्या. मात्र 1980 नंतरच्या दशकातील त्यांचा एक निर्णय राजकारणाहून अधिक लक्षणीय होता. इंग्रजीत कीर्ती मिळाल्यावर त्या लुओ भाषेकडे वळल्या. 'मियाहा' (1983), म्हणजे वधू, ही त्यातील प्रमुख कृती. देवाने दिलेली कुदळ आपोआप शेत नांगरी. मनुष्याने श्रम करावयाचे नाहीत, असा नियम. एका नव्या सुनेने तो मोडला, आणि कष्ट जगात आले. नियमभंग करणारी पुन्हा वधूच आहे. इंग्रजी वाचकांना ही कथा 1989 मध्ये ओकोथ ओकोम्बो यांच्या अनुवादातून मिळाली.