पटेल असं लिहायचं कसं?

अहिल्यानगरहून पाथर्डीला जाताना वाटेत लागणारं तिसगाव हे आसपासच्या वाड्यावस्त्यांचं बाजाराचं गाव. अशा गावात कोणी ना कोणी कशासाठी तरी निवेदन लिहीतच असतं. कधी रस्ता, कधी एसटीचा थांबा, कधी पाणी. साचा ठरलेला असतो. वर दोन ओळी हालअपेष्टांच्या, मग ‘तरी योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती’, खाली सह्या आणि जमलं तर आंदोलनाचा इशारा. आवक नंबर पडतो, शिक्का मारलेली पोच हातात येते. अडचण शंभर टक्के खरी असते, पण टेबलापलीकडच्या माणसानं नेमकं काय मंजूर करायचं आणि का, हे कागदावर नसतंच.

याचं मूळ मला शाळेतल्या निबंधात दिसतं. तिथे सुविचार आणि अलंकारांना गुण मिळतात. मुद्दा मांडून तो शेवटपर्यंत लढवायला फारसं कोणी शिकवत नाही. खरं तर मराठीतला असा एक लखलखीत नमुना शाळेत शिकणाऱ्या मुलीनंच लिहिलेला आहे.

अमेरिकन मिशनचं ‘ज्ञानोदय’ 1842 साली याच जिल्ह्यात, अहमदनगरला सुरू झालं. त्याच्या 1855 सालच्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुक्ता ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. वय चौदाच्या आसपास.

ती सुरुवातीलाच रडगाणं गात नाही. आधी समोरच्याचंच म्हणणं उचलते. वेद आमचेच, इतरांनी ते पाहायचेही नाहीत, असं तुम्ही म्हणता ना? ठीक, मान्य. मग आम्हाला धर्मपुस्तक नाही, हे उघड झालं. आणि धर्मपुस्तकच नाही तर आम्ही कोणत्या धर्माचे? आता प्रतिपक्षाला दोनच वाटा उरतात. मक्तेदारी सोडायची, किंवा ही माणसं आपल्या धर्माच्या बंधनाबाहेर आहेत हे कबूल करायचं. समोरच्याच्या विधानाला हातही न लावता, केवळ ते शेवटापर्यंत नेऊन तिनं ही कोंडी केली आहे.

मग पुरावे येतात, आणि त्यांना ठिकाण असतं. पेशवाईत तालीमखान्यापुढून गेलेल्यांचं काय व्हायचं, हे सांगताना ती गुलटेकडीच्या मैदानाचं नाव घेते. बाळंत झालेल्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे सांगताना थंडी-पाऊस डोळ्यांपुढे उभा करते आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या घरातला अनुभव आठवायला लावते. भावना इथे भरपूर आहे, पण ती तर्काच्या पाठोपाठ येते, म्हणून झटकून टाकता येत नाही. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि ज्ञानाचं औषध घ्या म्हणून सांगते.

तिच्या गुरूंचा नमुना वेगळा आहे. 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर का, हा त्यांचा मुद्दा. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचं गृहीतक ते खोडून काढतात. मागण्या तर थेट अंमलात आणता येतील अशा आहेत. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, गावच्या शिक्षकाला 12 रुपयांहून कमी पगार नको, मोठ्या गावांत 15 ते 20 द्या. ‘योग्य ती कार्यवाही’ असं त्यात कुठे नाही.

आपल्या न्यायदर्शनानं युक्तिवादाचे पाच अवयव फार पूर्वी सांगितले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं चुलीपाशी. या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून तिथे आग आहे. बहुतेक लेखनात चौथा अवयव, म्हणजे उपनय, गळतो. नियम सांगितला जातो, दाखला दिला जातो, पण तो आपल्या प्रकरणाला कसा लागू पडतो हे लिहायचं राहून जातं.

आता हे आपल्या भागात लावून पाहू. पाथर्डी तालुक्यातून अनेक कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि मुलंही फडावर जातात. समजा, एखाद्या शाळा व्यवस्थापन समितीला हंगामी वसतिगृह हवं आहे. ‘मुलांचं नुकसान होत आहे’ एवढ्यावर ती थांबली, तर कोणीही मान डोलावेल आणि कागद फायलीत जाईल. पुरावा शाळेतच असतो. हजेरीपटावर दिवाळीआधीची आणि नंतरची हजेरी शेजारीशेजारी मांडायची. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्यानं दिला आहे, हा झाला नियम. खरं काम त्यापुढे आहे. मूल गाव सोडतं ते मागे जेवूखाऊ घालणारं कोणी नसतं म्हणून, तेव्हा राहण्या-जेवणाची सोय झाली तर ते याच शाळेत टिकेल. हे वाक्य लिहिलं नाही, तर हजेरीपटाचा आणि वसतिगृहाचा संबंध जुळत नाही.

मग पूर्वपक्ष. साहेब म्हणतील, मुलं आजी-आजोबांकडे का ठेवत नाही? कारखान्याजवळच्या शाळेत का घालत नाही? हे प्रश्न वाजवी आहेत, तेव्हा ते आपणच आधी मांडावेत. ज्यांच्या घरी सांभाळणारं माणूस आहे, ती नावं यादीतून स्वतःहून वगळावीत. त्यामुळे मागणी लहान होते, पण उरलेल्या प्रत्येक नावाला वजन येतं. फड बदलला की शाळाही बदलते, हे त्याच मुलांच्या नोंदींवरून दाखवावं. आणि धाकट्या भावंडाला काखेत घेऊन दिवस काढणाऱ्या एखाद्या मुलीबद्दल लिहायचं असेल, तर जरूर लिहावं, फक्त या सगळ्यानंतर, आणि एकाच मुलीबद्दल.

किती मुलं, कोणती जागा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, स्वयंपाक कोण करणार, हे मागणीतच यावं. आणि हा कागद दसऱ्याच्या बराच आधी कार्यालयात पोचायला हवा, कारण टोळ्या एकदा निघाल्या की ज्यांच्यासाठी लिहिलं ती मुलं गावात नसतात.