राजदूत ३५० की येझदी रोडकिंग? सौद्यापूर्वी थोडा विचार

सातारा-सांगलीकडच्या गॅरेजवाल्या बांधवांशी बोलणे निघाले की एक वाद हमखास रंगतो. जुनी राजदूत ३५० चांगली की येझदी रोडकिंग? पळण्यात कोण सरस, याचे उत्तर सोपे आहे. पैसा कशात घालावा, हे मात्र तितके सोपे नाही.

राजदूत ३५० म्हणजे जपानच्या यामाहा आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८३ साली आणली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. आधीच्या एचटी मॉडेलची ताकद ३०.५ अश्वशक्ती, नंतरच्या एलटीची २७. जपानी गाडीचा पुढचा डिस्क ब्रेक मात्र इकडे आला नाही, ड्रमवरच भागवले गेले. वेग आला, लगाम ढिला राहिला.

रोडकिंग म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. १९७८ पासून १९९६ साली कारखाना बंद पडेपर्यंत ती निघत होती. एकच सिलिंडर, २५० सीसी, १६ अश्वशक्ती, आणि किकचा दांडाच गिअरचा दांडा! खंबाटकीच्या चढाला राजदूत तिला सहज मागे टाकील. पण येझदी कोणताही जाणता मिस्त्री उघडून बसवतो. राजदूतचे दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवणे हे कसबी हाताचे काम आहे, आणि असे हात आता कमी झाले आहेत.

भावाचे गणित वेगाशी फारसे बांधलेले नाही. राजदूत पेट्रोल पिणारी, तिचे सुटे भाग महाग. म्हणून तिच्या काळात गिऱ्हाईक बिचकले, गाड्या थोड्या निघाल्या, आणि त्यामुळेच आज चांगल्या राजदूतचा सौदा लाखांत बोलला जातो. येझदीचा भाव तिच्याखाली राहतो, पण माल मिळतो आणि गिऱ्हाईकही लवकर भेटते. थोड्या भांडवलाच्या बांधवाने येझदीपासूनच सुरुवात करावी, असे आमचे मत आहे.

खरी मेख कागदपत्रांत आहे. आम्ही स्वतः एकदा ठेचकाळलो. एक येझदी स्वस्तात मिळाली, रंगही झकास. घरी आणून पाहतो तर इंजिनवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळेना. गाडी नावावर झाली नाही, शेवटी सुटे भाग करून विकावी लागली. तेव्हा आधी इंजिन व चासीचे नंबर हाताने पुसून वाचावेत, बयाणा नंतर द्यावा.

‘व्हिंटेज’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्यालाही ओळखावे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपातील गाडीलाच ती नोंदणी मिळते, आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. पहिली रोडकिंग तेथे २०२८ मध्ये पोहोचेल, पहिली राजदूत २०३३ मध्ये. तोवर नेहमीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. ती थकलेली असेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावावी.

आणखी एक. नवा क्रोम, नवा रंग चढवला की भाव वाढतो, हा समज चुकीचा आहे. शौकीन गिऱ्हाईक कंपनीचा मूळ सायलेन्सर, मूळ मीटर, मूळ टाकी शोधत येते. तुमच्या गॅरेजच्या कोपऱ्यात असे काही पडले असेल, तर या वेळी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी ते पुसून एकदा नीट पाहा.