दीर्घकथांच्या वाटेवर – भाग ६ : कालचक्राकडे पुन्हा पुन्हा

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेचे चौदा जाडजूड खंड आहेत. पहिला १९९० साली आला, शेवटचा २०१३ साली. मधे २००४ मध्ये एक पूर्वकथा. एवढं सगळं संपवलेला माणूस पुन्हा पहिल्या खंडाकडे का वळतो? मी वर्षानुवर्षं वळत आलो आहे, कारण पहिल्या वाचनात ही मालिका अर्धीच हाती लागते.

एक उदाहरण सविस्तर घेतो. (मालिका वाचायची असेल, तर हा परिच्छेद सोडून द्या.) पहिल्या खंडात मिन नावाची मुलगी भेटते. तिला माणसांभोवती चित्रं दिसतात. ती खरी ठरतात, पण त्यांचा अर्थ तिलाही दरवेळी कळत नाही. मॅट या खोडकर पोराभोवती तिला तराजूत ठेवलेला एक डोळा दिसतो. त्याच दमात ती आणखी बरंच काही सांगते, त्यामुळे वाचक तिथे थांबत नाही. मॅटला आणि त्याच्या खेड्यातल्या इतर पोरांना गावाबाहेर काढणारी मोइरेन पाचव्या खंडात, म्हणजे १९९३ साली, एका जादुई दारातून पडते आणि नाहीशी होते. सगळे तिला मेलेलीच धरतात. मग तेराव्या खंडात, २०१० साली, मॅट तिला सोडवायला जातो आणि तिच्या सुटकेची किंमत म्हणून स्वतःचा एक डोळा देतो. मिनला दिसलेला तराजू वीस वर्षांनी उलगडतो! हे ठाऊक असताना पहिला खंड उघडला की मॅटची प्रत्येक टवाळी वेगळी ऐकू येते.

बारावा खंड पुरा व्हायच्या आधीच जॉर्डन गेला. व्हिएतनाम युद्धात लढलेला, भौतिकशास्त्र शिकलेला, साऊथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा हा लेखक २००७ मध्ये एका दुर्धर आजाराने वारला. त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल पहिल्या खंडापासून त्याची संपादक होती. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं, आणि जॉर्डनची टिपणं हाताशी घेऊन त्याने शेवटचे तीन खंड लिहिले. अखेरचा प्रसंग मात्र जॉर्डनने स्वतः लिहून ठेवला होता. सँडरसनचा मॅट सुरुवातीला नीट जमलेला नाही, हे मला मान्य आहे. तरीही मालिका पुरी झाली, आणि तिच्या मूळ आराखड्याशी इमान राखून पुरी झाली, याबद्दल मी त्या दोघांचा कायमचा ऋणी आहे.

आठव्यापासून दहाव्या खंडापर्यंत कथा रेंगाळते, ही तक्रार खरी आहे. दहावा तर कमकुवतच आहे. पण तेव्हा लोकांनी एकेका खंडासाठी वर्षं काढली. आज दहावा मिटून लगेच अकरावा उघडता येतो.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते मात्र वेगळंच. मालिकेची प्रस्तावना वेडाच्या भरात स्वतःच्या बायकोमुलांना मारणाऱ्या एका महायोद्ध्याची आहे. भानावर आल्यावर तो स्वतःला जाळून घेतो आणि त्या जागी डोंगर उभा राहतो. नायक रँड हा त्याचाच पुढचा जन्म. सगळं पुन्हा तसंच घडणार असेल, तर जन्म घ्यायचा कशाला, हा प्रश्न रँडला पोखरत राहतो. बाराव्या खंडाच्या शेवटी, त्याच डोंगरावर, त्याला उत्तर सापडतं: पुन्हा प्रेम करता यावं म्हणून. आपल्याकडे जन्ममरणाचा फेरा चुकवायचा असतो, पण तुकोबांनी मुक्ती नाकारून जन्मच मागितला होता. मराठी वाचकाला रँडचं उत्तर परकं वाटू नये ते म्हणूनच. महायुद्ध, जादू, राजकारण हे सगळं या एका उत्तरापर्यंत पोचण्यासाठी रचलेलं आहे, असं मी प्रत्येक वाचनानंतर अधिकच खात्रीने म्हणतो.

नव्या वाचकाने पूर्वकथेपासून सुरुवात करू नये. तिच्यात मोइरेनचं तरुणपण आहे, तिचे हेतू आहेत. पहिल्या खंडात ती खेड्यातल्या त्या पोरांना दिसते तशीच आपल्यालाही दिसायला हवी: कणखर, गूढ, आणि विश्वास ठेवावा की नाही हे न कळणारी. पूर्वकथा दहाव्या खंडानंतर वाचावी.