मशीनवर बसण्याआधी

रोजचे कपडे घरी शिवायचे म्हटलं की पहिली चौकशी होते ती मशीनची. मोटरचं घ्यावं की पायाचं, त्यात किती प्रकारचे टाके असावेत? खरं तर रोजच्या कपड्यांना एक सरळ टाका पुरतो. घरातलं जुनं पायमशीनही तो छान घालतं. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकले की शिवण पक्की. कडा उसवू नयेत म्हणून झिगझॅग सोयीचा पडतो, पण त्यावाचून अडत नाही. कपडा बसणार की बिघडणार, हे बहुतेक वेळा मशीनवर बसण्याआधीच ठरलेलं असतं.

‘ब्लाउज जमलं की सगळं जमतं, तिथूनच सुरुवात करा’ हा सल्ला फार जणींचा उत्साह मारतो. ब्लाउज अंगासरशी बसावं लागतं. टक्स किंवा मुंढा पाव इंच चुकला तरी काखेत ओढ बसते. त्यापेक्षा नाडीचा पायजमा, परकर, सरळ कुर्ता घ्या. या कपड्यांत छोट्या चुका खपून जातात. आणि हे काम बायकांचंच, असंही काही नाही. नामदेव महाराज शिंपी समाजातले होते. आपला पायजमा मुलग्यांनीही शिवावा.

‘नवं कापड धुतलं की त्याची चमक जाते, म्हणून कोरंच बेतावं’ हा समज सर्वांत महागात पडतो. विणताना आणि नंतरच्या प्रक्रियेत सुताचे धागे ताणलेले असतात. पाणी लागलं की ते पूर्वस्थितीला येतात, म्हणजेच कापड आटतं. सुती कापड पहिल्या धुण्यात 3 ते 5 टक्के सहज आटतं. 42 इंच उंचीचा कुर्ता 5 टक्के आटला तर 2 इंचांहून जास्त आखूड होतो, आणि मग उपाय उरत नाही. कापड भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. अस्तराचंही तसंच.

कात्री लावण्याआधी कापड सरळ आहे का तेही पाहावं. दुकानात फाडलेलं किंवा कापलेलं टोक सरळ असेलच असं नाही. काठाजवळ छोटी चीर देऊन एक आडवा धागा हलकेच ओढून काढा. साध्या विणीच्या सुती कापडात तिथे बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कापा. काठाला समांतर असलेला उभा धागा सर्वांत कमी ताणतो, म्हणून कुर्त्याची उंची त्याच दिशेने घ्यायची. उरेब, म्हणजे तिरकं धरलेलं, कापड ताणतं, आणि म्हणूनच गोल गळ्याची पट्टी उरेब कापतात. कापड वाचवण्यासाठी पायजमा तिरका बेतला, तर दोन-चार धुण्यांत त्याचे पाय पिळवटतात.

‘बेतायला गणित लागतं.’ लागतं, पण चौथीतलं. छाती 36 इंच असेल तर तिचा चौथा भाग 9. त्यात 1 इंच ढिलाई, 1 इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर राखलेलं कापड. कापडाच्या चौपदरी घडीवर 11 इंचांवर खूण करायची. शिवल्यावर कुर्ता छातीत 40 इंच भरतो.

खाली दोऱ्याचा गुंता झाला की बॉबिन केसचा स्क्रू फिरवायची सवय अनेकांना असते. गुंता खाली दिसतो, पण दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेशर फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसेल. टाके सुटत असतील तर मेकॅनिककडे जाण्याआधी सुई बदला. मध्यम सुती कापडाला 14 नंबरची सुई, पातळ कापडाला 11 नंबरची.

घरी शिवलेलं ‘घरगुती’ दिसतं, याचं कारण हात नवखा हे नसतं. इस्त्री शेवटी एकदाच फिरवलेली असते. प्रत्येक शिवण घातल्यावर, तिला दुसरी शिवण आडवी जाण्याआधी, माया उघडून इस्त्रीने दाबावी. एवढ्यानेच कपड्याचं रूप पालटतं.

स्वस्त पडतं का? नेहमीच नाही. कापड मीटरवर घ्यायचं तर वाचते ती फक्त शिलाई, आणि रेडीमेड कुर्ता त्या कापडाहूनही कमी पैशांत मिळू शकतो. पण रेडीमेडमध्ये माया बहुधा जेमतेम असते. घरच्या कुर्त्यात बाजूंना इंचभर माया ठेवली, तर पुढे-मागे, दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच सोडून तो 2 इंचांनी सैल करता येतो. बाळंतपणानंतर, वय वाढल्यावर तोच कुर्ता पुन्हा अंगात येतो.

आणि खिसा. बायकांच्या कुर्त्याला खिसा लावला की तो फुगून दिसतो, म्हणून लावत नाहीत, असं ऐकायला मिळतं. वर चिकटवलेला खिसा फुगतो. बाजूच्या शिवणीत बसवलेला दिसतही नाही. कमरेच्या 2 इंच खाली त्याचं तोंड ठेवा, हात मनगटापर्यंत जाईल इतकी खोली ठेवा, कापड घट्ट विणीचं घ्या आणि तोंडाच्या दोन्ही टोकांना उलटसुलट पक्के टाके घाला.